माझं सगळं झालंय

आमच्या कॉलेजात खोटं कुणी बोलत नाही. बोलतात ते सगळं खरंच असतं, फक्त ऐकणाऱ्याने ते उलटं करून घ्यायचं असतं, शिवलेला कपडा उलटवून सरळ करतात तसं. हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर पुढचे माझे सगळे हाल वाचले असते. पण सांगणार कोण? सगळेच उलटे!

पूल, बोगदे, धरणं बांधणारी माणसं आमच्याकडे तयार होतात. प्रवेशासाठी मुलं किती येतात म्हणाल तर अख्खं मैदान भरतं, आणि आत घेतात ती एका जेवणाच्या हॉलमध्ये मावतात. त्यातला प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला. वर्गात बसलं की उजवीकडे पहिला, डावीकडे पहिली, पुढे पहिला, मागे पहिली. पण पहिल्या चाचणीनंतर या सगळ्या पहिल्यांमधल्या कुणाला तरी शेवटचं व्हावंच लागतं. हे साधं गणित प्रवेशाच्या आनंदात कुणी मांडत नाही. मीही मांडलं नव्हतं. माझा तर फोटो शाळेच्या दारात लावला होता. अजून आहे तो. नेमके डोळे मिटले गेलेत. "पहिली आली तरी झोपलेलीच," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

तर आमची भाषा. "काहीच झालं नाही गं" म्हणजे दोनदा झालं. "सहज चाळलं" म्हणजे पानं पाठ आहेत. "वाट लागली" म्हणजे एक उपप्रश्न अर्धा राहिला. आणि "मी नापास" म्हणजे वर्गात दुसरा नंबर. एकच शब्द असा की तो कुणी उच्चारत नाही. "झालं." माझा अभ्यास झाला, मला येतं, असं म्हणणं म्हणजे पाहुणे म्हणून गेल्यावर स्वतःच पातेलं ओढून घेण्यासारखं. शोभत नाही.

वसतिगृहात माझ्या खोलीत जी मुलगी होती, तिला आम्ही कुठलंकाय म्हणायचो. अभ्यास झाला का? "कुठलं काय!" पेपर सोपा गेला ना? "कुठलं काय!" जेवलीस का? "कुठलं काय!" आणि हे म्हणताना तोंडात घास. ती आंघोळीला जाताना टॉवेलात पुस्तक गुंडाळून न्यायची. तासाभराने बाहेर यायची ती कोरड्या केसांनी. डोकं कोरडं, धडा चिंब.

दुसरा होता सहज. उंच, ढगळ स्वेटर, केस मुद्दाम विस्कटलेले. तो काहीही मेहनतीने करत नसे. "सहज बसलो होतो, सहज सोडवलं." तिसरा वंशावळ. त्याचे आजोबा इंजिनियर, आई इंजिनियर, वडील इंजिनियर, काका तर कुठल्याशा मोठ्या पुलाचे मुख्य. त्याचं प्रत्येक वाक्य "आमच्याकडे" या शब्दाने सुरू व्हायचं. "आमच्याकडे जेवताना याच विषयावर बोलतात." आमच्याकडे जेवताना "मीठ दे" असं बोलतात. असो.

आणि मी तडतडी. आवाज मोठा, राग नाकाच्या शेंड्यावर. हे नाव मला आवडत नाही, पण ज्याने ठेवलं त्याच्यावर मी इतकी ओरडले की ते कायमचंच चिकटलं.

पहिल्या वर्षी आम्हाला एकच विषय सगळ्यात अवघड, भार. तो शिकवणारे भारवाले सर. टक्कल, हळू आवाज, आणि तोंडी एकच प्रश्न. टेबलाकडे बोट दाखवून, "भार कुठे जातो?" छताकडे बघून, "भार कुठे जातो?" एखादा पोरगा डुलकी घेऊन शेजाऱ्याच्या खांद्यावर कलंडला की त्याला न उठवता, "भार कुठे जातो?" सगळे हसायचे. मीही हसायचे. कुठे जातो ते मला माहीत नव्हतं.

आमच्याकडे निकाल भिंतीवर लावत नाहीत. एकेकाला खोलीत बोलावून हळूच सांगतात, म्हणजे कुणाला कुणाचं कळत नाही. सहामाहीनंतर सरांनी मला बोलावलं आणि चहा दिला. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. पास झालेल्याला कोण कशाला चहा देईल?

"सूत्रं तुला पाठ आहेत," सर म्हणाले. "आकडे घालतेस, उत्तर काढतेस. पण भार कुठे जातो ते तुला कळलेलं नाही. तुझा पूल हवेत उभा आहे."

"म्हणजे मी नापास?"

"हो. आणि वार्षिक परीक्षेतही असंच झालं तर तुला कॉलेज सोडावं लागेल. नियम माझा नाही, पण आहे."

मी कप बाजूला सारला. "मग मी काय करू, सर?"

"मित्रांना विचार. मी शिकवतो त्यापेक्षा तुम्ही मुलं एकमेकांना बरं शिकवता. फक्त विचारायला लाजू नकोस."

लाजू? मी? लाजणं आमच्या घराण्यात नाही. मी तडक खोलीवर गेले आणि दारातूनच म्हणाले, "कुठलंकाय, मी भारात नापास झाले."

"अगं, मीपण!" ती उशीत तोंड खुपसून म्हणाली. "वाट लागली नुसती."

"तसं नाही. खरंच नापास. मला काही म्हणजे काही येत नाही. पहिल्या पानापासून शिकव."

तिने उशीतून एक डोळा बाहेर काढला. त्या डोळ्यात दया नव्हती, भीती होती. "बाई गं," ती म्हणाली, "इतकं झालंय तुझं?"

मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी सहजला गाठलं. "मला भार शिकव, मी बुडतेय," म्हणाले. तो भिंतीला टेकून मंद हसला. "बुडण्याची ही पद्धत चांगली आहे. मी सहसा 'गटांगळ्या' म्हणतो, पण 'बुडतेय' जास्त साधं वाटतं. सहज वाटतं." वंशावळ तर ऐकता ऐकता गंभीर झाला. "आमच्याकडे काकाही असंच म्हणायचे," तो म्हणाला. "मला काही येत नाही, काही येत नाही. आणि मग सुवर्णपदक."

"अरे गाढवा, मी तुझा काका नाही!"

"काका पण असेच चिडायचे," तो आदराने म्हणाला.

आता सांगा, काय करायचं माणसाने? मी जितकी गळा काढून सांगे तितकं माझं नाव मोठं होई. तडतडीने म्हणे भार सुट्टीतच संपवला. तडतडी म्हणे मुद्दाम अडाण्याचं सोंग घेते. वाचनालयात मी पहिलाच धडा उघडून बसायचे, कारण त्यापुढे मला जाताच येत नव्हतं. चार दिवस तेच पान. पाचव्या दिवशी मान वर करून बघते तर आजूबाजूच्या सगळ्या टेबलांवर पहिलाच धडा! "तडतडी मुळातून जातेय," कुणीतरी कुजबुजलं. "त्या धड्यात नक्की काहीतरी आहे."

एक चष्मेवाली मुलगी तर शंका विचारायला आली. वही पुढे सरकवून म्हणते, "हा भार डावीकडे जास्त का येतो, सांगशील का जरा?"

माझं डोकं फिरलं. "मला काय विचारतेस?" मी ओरडले. "मी काय तुझी मास्तरीण आहे? देवाने डोकं दिलंय ना? बघ की त्याच्याकडे! डावीकडे काय आहे? का आहे?"

ती घाबरून वहीकडे बघत राहिली. मग हळूहळू तिचा चेहरा उजळला. "अय्या, खरंच की! ते वजनच डावीकडे सरकलंय!" माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "कसलं भारी शिकवतेस गं!" त्यानंतर माझ्या टेबलाशी शिव्या खायला गर्दी व्हायला लागली. त्यांना उत्तरं सापडायची. मला सापडायची नाहीत, कारण माझ्यावर ओरडणारं कुणी नव्हतं.

रविवारी आईचा फोन यायचा. आई शिवणकाम करते. घरातल्या पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे, आणि ती फोन खांद्यात धरून, मशीन चालवत बोलते. त्यामुळे आमचं सगळं बोलणं त्या खडखडीवरून चालतं आणि दोघींना ओरडायची सवय लागली आहे. माझा आवाज मोठा का, ते आता कळलं असेल.

"कसं चाललंय गं?" आई ओरडली.

खरं सांगावं असं ओठावर आलं होतं. आई, मी नापास झाले. आई, मला इथून काढतील. आणि तो फोटो शाळेच्या दारातून काढतील, डोळे मिटलेला. पण ती खडखड ऐकली आणि जीभ रेटेना. म्हटलं, "छान चाललंय. सगळं येतंय मला."

खडखड थांबली.

"काय झालं?" आईने हळू आवाजात विचारलं. तिचा हळू आवाज मी वर्षातून एखाद्या वेळी ऐकते.

"काही नाही. सांगितलं ना, सगळं येतंय."

"मेले, मी ओळखत नाही का तुला? 'आई, मेले, काही येत नाही, मास्तर दुष्ट आहेत' असं रडतेस ना, तेव्हा मी खुशाल शिवत बसते. लहानपणी झाडावरून पडलीस तेव्हा घरात येऊन म्हणालीस, 'मला काही लागलं नाही.' हात मोडला होता. मी येऊ का तिकडे?"

"नको."

"बरं. पण कुणाला तरी सांग, बाई."

"सांगते गं! सगळ्यांना सांगते! कुणी ऐकतच नाही!" मी ओरडले आणि फोन ठेवला. मग रडले. चांगली भोकाड पसरून रडले. कुठलंकाय टॉवेलात धडा घेऊन न्हाणीघरात गेली होती, म्हणून बरं.

परीक्षेला थोडे दिवस उरले आणि जेवणाच्या हॉलमधलं रडगाणं रंगात आलं. एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने वर चढवायचं. सूपचे वाडगे पुढे घेऊन सगळे गात होते. "मी तर पुस्तकच उघडलं नाही." "उघडलं नाही? मी विकत घेतलं नाही." "मला विषयाचं नावसुद्धा परवा कळलं." सहज म्हणाला, "परीक्षा आहे का? सहज विचारतो." वंशावळ म्हणाला, "आमच्याकडे या वेळी मला घरातच घेणार नाहीत." कुठलंकायने उसासा टाकला, "कुठलं काय!" आणि पावाचा तुकडा मोडला.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी पाळी होती. आणि मी नुसती त्यांची मुंडकी बघत बसले. माझं खरं दुःख, माझं एकुलतं एक, रात्रंदिवस छातीवर बसलेलं दुःख, हे लोक तोंडी लावायला घेत होते! मी ताडकन उठले. खुर्ची मागे पडली.

"माझं झालंय!" मी म्हणाले.

एक चमचा वाडग्यात पडला.

"सगळं झालंय! पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत! भार कुठे जातो ते मला कळतं, डावीकडे कळतं, उजवीकडे कळतं, मला सगळं सगळं येतं! जेवा आता सुखाने!"

वाढणाऱ्या बाईंची पळीसुद्धा हवेतच राहिली. मी पाय आपटत खोलीवर गेले, बॅग काढली आणि कपडे कोंबायला लागले. परीक्षेला बसायचंच कशाला? आपणच निघालेलं काय वाईट? निदान चहा तरी प्यावा लागणार नाही.

स्वेटर बॅगेत मावत नव्हता. मी त्याच्याशी भांडत असतानाच कुठलंकाय आत आली. तिने दार लावलं. बॅगेकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"किती?" तिने विचारलं.

"काय किती?"

"किती येत नाही?"

माझ्या हातातून स्वेटर गळला. "काहीच नाही," मी म्हणाले. "पहिल्या पानापासून."

"वेडी आहेस का तू?" ती माझ्यावर खेकसली. कुठलंकायला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "आधी सांगायला काय झालं होतं?"

"आधी? अगं बये, तेव्हापासून घसा फाडून सांगतेय!"

"तसं नाही गं," ती कळवळून म्हणाली. "खरं सांगायचं!"

मला हसू यायला लागलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्यावर उचकी लागली. तिने पाणी दिलं. मग खाली वाकून, दार लागलंय ना ते पुन्हा बघून, माझ्या कानाशी तोंड आणलं. चोरीची कबुली द्यावी तशी कुजबुजली, "माझं ना... झालंय. खरंच झालंय. दोनदा. कुणाला सांगू नकोस हं."

"नाही सांगणार."

"मग चल खाली."

खाली बैठकीच्या खोलीत तिने दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आणि त्यांच्यावर ड्रॉइंगचा मोठा बोर्ड आडवा टाकला. "हा पूल," म्हणाली. तेवढ्यात दारात सहज दिसला. तो आत येईना, जाईनाही.

"काय रे?" मी म्हणाले.

"काही नाही. सहज." मग त्याने केस आणखी विस्कटले. "म्हणजे... माझंही झालंय. तो पिळाचा धडा. पूर्ण झालाय."

कुठलंकायने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. "बस," ती म्हणाली. तो बसला. त्याच्या मागून वंशावळ आला, कानकोंडा होऊन. दोन्ही हात खिशात. "आमच्याकडे," त्याने सुरुवात केली आणि घसा खाकरला. "आमच्याकडे सगळ्यांना येतं." तो जमिनीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मी सोडून."

कुणी हसलं नाही. तडतडीसुद्धा नाही.

"तू जाड आहेस ना?" कुठलंकाय त्याला म्हणाली. "चढ पुलावर." तो बोर्डाच्या मधोमध बसला. बोर्ड कुरकुरला. "आता तडतडे, ती खुर्ची काढ आणि हे टोक तू हातात धर."

मी धरलं. आई गं! हात खांद्यातून निखळतील असं वाटलं. "सरक तिच्याकडे," असं तिने त्याला सांगितलं, आणि तो एक इंच सरकला की माझा जीव एक वीत खाली जाई.

"भार कुठे गेला?" तिने विचारलं.

"माझ्याकडे! मेले मी! उतर की रे, रेड्या!"

"उतरू नकोस. आणि तू तो कुठे दिलास?"

"हातात!"

"हातातून?"

मी दातओठ खात उभी राहिले. पाठीत कळ होती. गुडघे थरथरत होते. टाचा जमिनीत रुतत होत्या. आणि एकदम कळलं. इतक्या महिन्यांत पुस्तकात जे दिसलं नव्हतं ते माझ्या टाचांना कळलं. "पाठीत," मी म्हणाले, "मग गुडघ्यात, मग टाचेत. मग जमिनीत. जमिनीत जातो! सगळा जमिनीत जातो! अरे, मग हवेत काय उभं राहणार, कप्पाळ!"

"हेच सर सांगत होते," कुठलंकाय म्हणाली.

"मग असं का नाही सांगितलं? बसायचं की कुणाच्या तरी अंगावर!"

त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही त्या खोलीत पूल बांधले, मोडले आणि एकमेकांच्या अंगावर पाडले. मी कुठलंकायकडून शिकायचे आणि बाकीच्यांवर ओरडायचे, दोन्हीचा उपयोग व्हायचा. हळूहळू दारात माणसं यायला लागली. येणारा चौकटीत थबकायचा, बुटाकडे बघायचा आणि पुटपुटायचा, "माझं सगळं झालंय." मग आम्ही सरकून जागा द्यायचो. ती चष्मेवाली आली, तिचं "शेवटचे तीन धडे तर फारच झालेत" होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी बैठकीच्या खोलीत बसायला जागा नव्हती. अर्ध्या वर्गाचं सगळं झालं होतं.

निकालाच्या दिवशी सरांनी मला बोलावलं. मी आत जाऊन आधी टेबलाकडे बघितलं. चहा नव्हता.

"पास," सर म्हणाले. "जेमतेम. पण पूल जमिनीवर आहे."

मी जिना धावत उतरले आणि आईला फोन लावला. मशीनची खडखड चालू होती. मी काही बोलायच्या आत ती थांबली. आईने मशीनवरचा हात काढला असणार.

"बोल," ती हळू आवाजात म्हणाली.

"आई, मेले गं!" मी ओरडले. "जेमतेम पास! गुण बघशील तर डोकं धरशील. पुढच्या वर्षी पाण्याचा विषय आहे, त्यातलं मला ओ की ठो येत नाही. सर दुष्ट आहेत. माझी वाट लागणार बघ! कुठलं काय न् काय!"

पलीकडे आई नाक ओढत होती. मग ते थांबलं.

"बरं, बरं," ती ओरडून म्हणाली, आणि मशीन सुरू झालं. "मग मी हा कोट संपवते."